गच्चीवरचे धुके : हार्लेमचा घटनाक्रम

मोजणीचा शून्य तास मी शुक्रवार, २५ जुलै २०२५ची दुपार धरली आहे. त्या दिवशी न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने जाहीर केले की मध्य हार्लेममध्ये लिजनेअर्सच्या आजाराचे रुग्ण एकाच टापूत सापडत आहेत. घोषणा बरोबर बाराच्या ठोक्याला झाली असे नाही. तास मोजायचे तर खुंटी कुठेतरी ठोकावी लागते. महिनाभरात आकडा ११४वर गेला. त्यांपैकी ९० जणांना रुग्णालयात भरती करावे लागले, ७ दगावले. शोध घेत तपास दोन जागांवर येऊन थांबला. एक हार्लेम हॉस्पिटलचा कूलिंग टॉवर. दुसरी, त्याच रुग्णालयाला लागून पश्चिम १३७व्या रस्त्यावर चाललेले बांधकाम. तिथे काय उभे राहत होते? शहराची नवी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा.

रुग्णालयातल्या बांधकामाबद्दल जे काही लिहिले जाते, त्यात कामगार बहुतेक वेळा आरोपीच्या जागी असतो. तो धूळ उडवतो, रुग्ण आजारी पडतो. ते खोटे नाही. पण धूळ उडवणारा माणूस श्वासही घेतो, ही गोष्ट त्या कागदपत्रांत फारशी येत नाही.

७४१ तास आधी : मंगळवार, २४ जून, दुपारी ३

सेंट्रल पार्कमधला पारा ९९ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबाने ३७ सेल्सिअसवर गेला. नागपूरकर यावर हसतील, पण न्यूयॉर्कमध्ये इतके तापलेले त्याआधी २०१२मध्ये पाहिले होते. शहरातल्या गच्च्यांवरचे हजारो कूलिंग टॉवर पूर्ण ताकदीने चालू झाले.

मोठ्या इमारतीची वातानुकूलन यंत्रणा खोल्यांमधली उष्णता शोषून पाण्यात सोडते. ते कोमट पाणी गच्चीवर नेऊन जाळीदार थरांवर शिंपडतात. वरचा प्रचंड पंखा हवा खेचतो, थोडे पाणी वाफ होऊन उडते, उरलेले थंड होऊन परत खाली जाते. सगळा खेळ पाणी आणि हवा एकमेकांत घुसळण्याचा आहे. त्या घुसळणीत बारीक थेंबही हवेबरोबर बाहेर पडतात. ते अडवायला वर नागमोडी पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि त्या बरेचसे अडवतातही. जे सुटतात ते वाऱ्यावर जातात, क्वचित दोन-चार किलोमीटरसुद्धा.

टॉवरमधल्या पाण्याचे तापमान साधारण तीस अंशांच्या आसपास खेळते. लिजनेअर्सचा आजार घडवणाऱ्या लिजनेला नावाच्या जिवाणूला वीस ते पंचेचाळीस अंश चालतात. तिशी-चाळिशीच्या मधला पट्टा त्याला विशेष मानवतो. त्यात पाण्याबरोबर आलेली धूळ, गंज आणि कडेला साचलेली बुळबुळीत साय यांची भर पडते. त्या सायीत अमिबा राहतात आणि अमिबांच्या पोटात हा जिवाणू राहतो. औषध टाकले की मोकळा जिवाणू मरतो, अमिबाच्या आतला वाचतो. म्हणून टॉवरमध्ये जंतुनाशक सोडणे ही रोजची, कंटाळवाणी, चुकवून न चालणारी कामगत आहे.

बांधकामावरच्या टॉवरची तऱ्हा आणखी वेगळी. नव्या इमारतीत यंत्रणा एका दिवसात चालू होत नाही. नळ भरतात, दाब तपासतात, पंप दोन दिवस चालवतात, मग एखादा सुटा भाग यायचा म्हणून आठवडाभर बंद ठेवतात. पाणी तिथेच उभे राहते. पुढे न जोडलेल्या नळाच्या तुकड्यांत ते महिनोन्‌महिने तसेच असते. १३७व्या रस्त्यावर नेमके असेच झाले, असा माझा दावा नाही. पण अर्धवट इमारतीतले पाणी आणि वापरात असलेल्या इमारतीतले पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे कुठलाही जुना प्लंबर सांगेल.

२५६ तास आधी : सोमवार, १४ जुलै, रात्री ८

संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ५० मिलिमीटरहून जास्त पाणी पडले. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत पाणी घुसले, फलाटावर कारंजी उडाली, लोकांनी चित्रफिती काढल्या. आधी उकाडा, मग मुसळधार, मग पुन्हा उकाडा. आरोग्य खात्याने पुढे या जोडीकडे बोट दाखवले: पावसाने टॉवरमध्ये घाण आणि जास्तीचे पाणी येते, औषधाची मात्रा पातळ होते, आणि उष्म्याने जिवाणू वाढीला लागतो.

२४० तास आधी : मंगळवार, १५ जुलै, दुपारी १२

इथून पुढचा माणूस कल्पित आहे. त्याच्या शरीरात जे घडते ते मात्र प्रयोगशाळांत मोजलेले आहे, आणि तास तिथलेच आहेत.

तो पाइप फिटर आहे असे धरू. वय पंचावन्न, तीस वर्षे सिगारेट ओढलेली, हल्ली कमी केलेली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, पायांत लोखंडी टोकाचे बूट, हातमोजे. काँक्रीट कापताना तो मास्क लावतो, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसे खाते हे त्याला शिकवलेले आहे. आता जेवणाची सुट्टी आहे. मास्क गळ्यात लोंबतो आहे. समोर लेनॉक्स अव्हेन्यू आणि त्या कडेला हार्लेम हॉस्पिटल. १९५८मध्ये पुस्तकावर सह्या करताना छातीत पत्रफोडी खुपसलेल्या मार्टिन लूथर किंग यांना याच रुग्णालयात आणून शस्त्रक्रिया केली होती. या माणसाला हवे आहे ते सँडविच आणि थोडा वारा. वारा आहे. गरम दुपारी गच्चीवरून येणारा किंचित ओलसर वारा कोणालाही बरा वाटतो.

मोठे थेंब खाली पडतात, मधल्या आकाराचे नाका-घशात अडकतात. पाच मायक्रॉनहून लहान थेंब सरळ फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. त्यांना वास नसतो, रंग नसतो.

रुग्णालयात काम करायला आलेल्या कंत्राटदाराच्या हाती अमेरिकेत एक तक्ता पडतो. काम कोणत्या प्रकारचे, नुसते छताची फळी उचलून पाहायचे की भिंत पाडायची, हे एका बाजूला. शेजारी कोणते रुग्ण आहेत, बाह्यरुग्ण विभाग की अस्थिमज्जा रोपणाचा कक्ष, हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही जिथे मिळतात तिथे बंदोबस्ताचा वर्ग सापडतो: प्लास्टिकचा पडदा, हवा आत खेचणारे यंत्र, बारीक गाळणी, दारात बुटांची धूळ धरणारी चिकट चटई. हा तक्ता चांगला आहे. त्यामागे मेलेल्या रुग्णांचा इतिहास आहे. जुने छत उघडले की ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. धडधाकट माणूस ते रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही, पण रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाचा त्यात जीव जातो.

आता त्या तक्त्यात कामगार शोधा. तो ‘कामाचा प्रकार’ या रकान्यात आहे. धोक्याच्या रकान्यात फक्त रुग्ण. बुरशीच्या बाबतीत ही विभागणी बरीचशी चालूनही जाते. लिजनेलाच्या बाबतीत ती कोलमडते, कारण पन्नाशी ओलांडलेला, धूम्रपान केलेला, वर्षानुवर्षे धुळीत राहिलेला माणूस हेच या जिवाणूचे ठरलेले गिऱ्हाईक. बांधकामावर अशी माणसे पैशाला पासरी मिळतात.

आपल्याकडचेही सांगून टाकतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयातला कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. त्याच रुग्णालयात तुंबलेली मोरी फोडायला आलेला बिगारी ‘कचरा हाताळणारा’ ठरतो का, हे त्याच्या मुकादमाला विचारून पाहा. मोरीतून सुई निघाली तर ती हातानेच बाजूला करतात.

२३६ तास आधी : दुपारी ४

फुप्फुसाच्या पिशवीत गस्त घालणारी एक पांढरी पेशी जिवाणूला गिळते. रोजचे काम आहे तिचे. गिळलेल्या जंतूभोवती पिशवी तयार होते, त्या पिशवीत पाचक रस ओतायचे आणि विषय संपवायचा.

इथे विषय संपत नाही. जिवाणू पेशीच्या यंत्रणेत आपली प्रथिने टोचतो आणि पाचक रसाची पिशवी जवळ येऊच देत नाही. तासाभरात पेशीचीच ऊर्जाकेंद्रे त्याच्या खोलीभोवती गोळा होतात. चार-सहा तासांत भिंतीला बाहेरून प्रथिने बनवणारे कण लागतात. आता ती खोली पेशीच्या स्वतःच्या घराचा भाग असल्यासारखी दिसते. हे कसब तो माणसावर शिकलेला नाही. तळ्या-डबक्यांतल्या अमिबांवर त्याने हा हात साफ केला. पांढरी पेशी त्याच्या लेखी आणखी एक अमिबा.

आमचा फिटर या वेळी चौथ्या मजल्यावर जोड आवळतो आहे. त्याला काहीही जाणवत नाही.

२१६ तास आधी : बुधवार, १६ जुलै, दुपारी १२

वाढ सुरू झाली की जिवाणू साधारण दर दोन तासांनी दुप्पट होतो. वीस तासांत दहा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे हजार. पेशी फुटते. बाहेर पडलेले हजार जण शेजारच्या पेशी शोधतात. मग पुन्हा तेच, आणि आणखी काही दिवस तेच.

१०० तास आधी : सोमवार, २१ जुलै, सकाळी ८

श्वास आणि पहिले लक्षण यांत दोन ते चौदा दिवस जातात. या माणसाला पाच दिवस लागले. रविवारी अंग मोडून आले, रात्री थंडी वाजली. सोमवारी सकाळी दोन गोळ्या घेऊन तो कामावर आला, कारण मजुरी तासावर आहे. कोरडा खोकला आहे. दुपारपर्यंत जुलाब सुरू होतात. जुलाबामुळे त्याला वाटते की शनिवारी बाहेर खाल्लेले बाधले. लिजनेअर्समध्ये पोट बिघडणे नेहमीचे, पण न्यूमोनियाची सुरुवात अशी होईल हे कोणाच्या डोक्यात येते?

रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याला ताप आला तर रुग्णालयाचा कर्मचारी-आरोग्य विभाग आहे. तिथे दोन परिचारिका आणि एक वॉर्डबॉय एकाच आठवड्यात खोकायला लागले तर कोणाच्या तरी लक्षात येते. बांधकामावरचा माणूस मुख्य कंत्राटदाराकडून उपकंत्राटदार, त्याच्याकडून आणखी एखादा, असा तिसऱ्या हाताने आलेला असतो. तो राहतो क्वीन्समध्ये, किंवा नदीपलीकडे न्यू जर्सीत. ताप आला की तो तिथल्या डॉक्टरकडे जातो. साथीचे नकाशे पहिल्यांदा रुग्णाच्या घरच्या पत्त्यावर टाचण्या टोचतात. हार्लेमची हवा पिऊन न्यू जर्सीत आजारी पडलेल्या माणसाची टाचणी दुसऱ्याच राज्याच्या नकाशावर लागते. तो कुठे काम करत होता, हे कोणी मुद्दाम विचारले तरच ती हार्लेममध्ये येते.

७२ तास आधी : मंगळवार, २२ जुलै

शहराच्या नोंदीत या साथीचे पहिले रुग्ण याच दिवसापासूनचे आहेत.

४८ तास आधी : बुधवार, २३ जुलै, दुपार

आमचा माणूस अखेर आपत्कालीन विभागात पोचतो. ताप १०४, बोलण्यात गोंधळ, रक्तातले सोडियम घसरलेले, छातीच्या एक्स-रेत खालच्या बाजूला पांढरा ढग. न्यूमोनिया आहे हे आता उघड आहे, कोणता ते नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे इथे निकामी ठरतात, कारण जिवाणू पेशीच्या आत बसला आहे आणि औषध बाहेर फिरते. पेशीत शिरणारे हवे: ॲझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन. ते पहिल्या दिवशी चालू झाले तर माणूस बहुधा घरी जातो. एकूण हिशेबात दहांतला एक जात नाही.

लघवीची तपासणी काही तासांत सांगते, पण ती या जिवाणूचा एकच प्रमुख प्रकार ओळखते. शिवाय तिने रोग कळतो, गुन्हेगार कळत नाही. कोणत्या टॉवरमधून आला हे शोधायचे तर रुग्णाच्या बेडक्यातून जिवंत जिवाणू वाढवावा लागतो. त्यासाठी कोळसा, लोह आणि सिस्टीन घातलेले खास माध्यम लागते आणि निदान तीन ते पाच दिवस थांबावे लागते. घाईच्या आपत्कालीन विभागात लघवीचा निकाल आला की बेडका घ्यायचा राहून जातो. तेवढ्याने पुढचा सगळा तपास लंगडा होऊ शकतो.

शून्य तास : शुक्रवार, २५ जुलै

आरोग्य खाते जाहीर करते: मध्य हार्लेममध्ये ८ रुग्ण. फ्लूसारखी लक्षणे असतील तर लगेच डॉक्टरकडे जा. नळाचे पाणी प्यायला हरकत नाही, घरातली वातानुकूलन यंत्रे चालू ठेवा, आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. पाच पिनकोडांतल्या चालू स्थितीतल्या प्रत्येक कूलिंग टॉवरचे नमुने घेण्याचे काम सुरू होते. फिटर त्या आठांत होता असे मी म्हणत नाही.

७२ तासांनंतर : सोमवार, २८ जुलै

२२ रुग्ण, १ मृत्यू.

१२० तासांनंतर : बुधवार, ३० जुलै

५८ रुग्ण, २ मृत्यू. ही वाढ नव्या संसर्गाची आहे असे समजून लोक घाबरतात. त्यातले बरेचसे जुने श्वास आहेत, जुलैच्या मध्यावर घेतलेले. टॉवर आज धुतला तरी पुढचे दोन आठवडे माणसे आजारी पडत राहणार.

पाण्याचा नमुना आधी झटपट जनुकीय चाचणीला लावतात. ती जिवाणूचा माग सांगते, पण जिवंत की मेलेला हे सांगत नाही. तरी ती सकारात्मक आली की मालकाने २४ तासांत टॉवरवर औषधोपचार सुरू करायचा. जिवंत जिवाणू वाढवून पाहायला त्यापुढे दोन आठवडे लागू शकतात.

थांबायचेच आहे तर जुनी दोन प्रकरणे सांगतो, कारण या जिवाणूचे आणि खोदकाम-दुरुस्तीचे नाते त्याच्या बारशाच्या आधीचे आहे. १९६५च्या जुलै-ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात ८१ रुग्णांना न्यूमोनिया झाला, दहाहून जास्त दगावले. कारण सापडेना. कोणीतरी शहाणपणाने रुग्णांचे रक्तद्रव गोठवून ठेवले. १९७६मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात माणसे मेली, त्यांच्या संघटनेवरूनच आजाराला नाव मिळाले. काही महिन्यांनी जिवाणू सापडला आणि बारा वर्षे गोठलेले ते रक्त बाहेर काढले. तोच निघाला. त्या उन्हाळ्यात रुग्णालयाच्या आवारात हिरवळीला पाणी देणाऱ्या नळांसाठी चर खणले होते, आणि चरांजवळच्या रुग्णांना धोका जास्त होता. खणणाऱ्यांचे काय झाले? मला माहीत असलेल्या सगळ्या नोंदी रुग्णांच्या आहेत.

दुसरे १९७३चे, अमेरिकेतल्याच जेम्स नदीकाठचे. दहा जणांनी वाफेच्या टर्बाइनचा कंडेन्सर आतून साफ केला. दहाच्या दहा तापाने झोपले. याच जिवाणूच्या आजाराचा हा सौम्य प्रकार, सगळे बरे झाले. इथे कामगार मोजले गेले, कारण तिथे दुसरे कोणी नव्हतेच.

५०४ तासांनंतर : शुक्रवार, १५ ऑगस्ट

सकारात्मक निघालेल्या टॉवरांची सफाई पूर्ण होते. शेवटचा हिशेब १० इमारतींवरच्या १२ टॉवरांचा. यादी वाचताना माणूस थबकतो: हार्लेम हॉस्पिटल, शहराचे गुप्तरोग चिकित्सालय, आरोग्य प्रयोगशाळेचे बांधकाम. आरोग्याच्याच इमारती. या साथीतल्या शेवटच्या रुग्णाला लक्षणे ९ ऑगस्टला सुरू झाली होती.

८४० तासांनंतर : शुक्रवार, २९ ऑगस्ट

साथ संपल्याचे जाहीर होते. रुग्णांच्या बेडक्यातला आणि टॉवरच्या पाण्यातला जिवाणू जनुकांच्या पातळीवर जुळवून पाहिला गेला आणि दोन ठिकाणे जुळली: रुग्णालय आणि पश्चिम १३७वा रस्ता, क्रमांक ४०. जुळवणी शहराच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेनेच केली. स्वतःच्या होऊ घातलेल्या घराच्या गच्चीवर तिला चोर सापडला. दोन्ही वास्तू शहराच्याच मालकीच्या, म्हणजे नियम करणारे शहर, तपासणारे शहर आणि टॉवरही शहराचा.

न्यूयॉर्कमध्ये कायदा नव्हता असे नाही. २०१५मध्ये दक्षिण ब्राँक्समध्ये एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ मेले, आणि त्यानंतर प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि दर ९० दिवसांनी लिजनेलाची चाचणी सक्तीची झाली. पण दोन तासांत दुप्पट होणाऱ्या जिवाणूसाठी ९० दिवस म्हणजे मोकळे रान. हार्लेमनंतर शहराच्या परिषदेने ही चाचणी महिन्यातून एकदा करण्याचा कायदा केला.

ऑगस्टमध्येच बांधकामाशी संबंधित आजारी पडलेल्यांच्या वतीने वकील न्यायालयात गेले. बांधकाम कंपन्यांवर दावे झाले. अशा दाव्यांत पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: इमारत ताब्यात देण्याआधी गच्चीवरच्या पाण्याचा मालक कोण? मुख्य कंत्राटदार म्हणतो यंत्रणा बसवणाऱ्याचे काम, तो म्हणतो औषध टाकायचे कंत्राट तिसऱ्याकडे होते, तिसऱ्याचे म्हणणे असते की टॉवर चालू केल्याचे मला कोणी कळवलेच नाही. गच्चीच्या चाव्या सगळ्यांकडे असतात. औषध टाकल्याची वही कोणाकडे होती, ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथेवर विचारावे लागते.